मांगरामागची कवळं

पोरांनी मुद्दाम केलं नाही, हे मला सगळ्यांनी सांगून झालं. वाडीतल्यांनी सांगितलं, आरोंद्याला दिलेल्या मुलीने फोनवर सांगितलं, पिठाच्या गिरणीत भेटलेल्या माणसाने सांगितलं, ज्याचा ह्यात काही संबंध नव्हता. मुद्दाम केलं नाही हे मलाही कळतं. साप काय मुद्दाम चावतो? पायाखाली आला म्हणून चावतो. पण चावल्यावर माणूस बोंब मारतोच ना? मग मी का मारू नको?

काय झालं ते सांगायला आधी कवळ म्हणजे काय ते सांगावं लागेल. आमच्याकडे, कुडाळच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी, हे पोरासोरांना ठाऊक असतं. समुद्राकडच्यांना नसतं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

ऐन, किंजळ असल्या झाडांच्या पाल्यासकट बारीक फांद्या थंडीत तोडायच्या, त्यांचे भारे बांधायचे आणि रचून वाळत ठेवायचे. हे कवळ. चैत्रात ते भारे खाली आणून तरव्याच्या जमिनीवर पसरायचे. तरवा म्हणजे भाताचं रोप. ते ज्या तुकड्यात करतात तो तुकडा आधी भाजावा लागतो. खाली शेण, त्यावर कवळ, त्यावर पातेरा म्हणजे गळलेला सुका पाला, वरून थोडी माती, आणि पेटवायचं. तण मरतं, राख मातीत बसते, रोप जोरात येतं. आता बरेच लोक खताची पिशवी आणून मोकळे होतात. आम्ही सोडलं नाही. बायको म्हणायची, "पिशयेतला खत भातापुरता. मातयेक कोण विचारता?"

झाडावर मी आणि खाली ती, अशी आमची वाटणी. बेचाळीस वर्षं. मी वरून फांदी टाकायचो, ती खालून ओरडायची, "आंगार टाकतास काय माझ्या?" मी म्हणायचो, "बाजूक हो मगे." ती बाजूला व्हायची नाही. फांद्या गोळा करायची, कुंभ्याच्या ओल्या सालीने भारा आवळायची, रचायची. ह्या सगळ्यात प्रेमाचं एक अक्षर कधी कोणी बोललं नाही. कामच इतकं असायचं.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, आमच्या मांगरामागे बावीस भारे रचले. मांगर म्हणजे शेतावरची खोपी म्हणा, भिंती दगडाच्या आणि वर कौलं. भारे वाऱ्याने उडू नयेत म्हणून तिने वर चार चपटे दगड ठेवले, हात झटकले आणि म्हणाली, "झाला ह्या वर्साचा." तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीत पडली. कुडाळला नेईपर्यंत संपलं होतं.

तेराव्याला लोक पंगतीला बसले होते. कोण आणखी वाढ म्हणत होता, कोण आमटीत मीठ कमी म्हणत होता. मी कोपऱ्यात बसून एकच ठरवलं. तिची राख नदीत सोडली ती सोडली. पण त्या बावीस भाऱ्यांची राख आमच्या तरव्यात जाईल. तिच्या हातचं शेवटचं काम ते. त्या राखेतला भात मी एक वर्ष खाईन, मग पुढचं पुढे बघू. हे मी कोणाला बोललो नाही. बोलायला होतं कोण?

आणि चैत्र येईपर्यंत मी मांगराच्या मागच्या बाजूला गेलो नाही. मांगरापर्यंत जायचो, ढोरांना पाणी दाखवायचो, परत यायचो. मागे जाऊन ते दगड बघायची ताकद नव्हती.

ती पोरं मालवणकडच्या एका युवक मंडळाची. दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या आसपास जोडून सुट्टी बघून डोंगरात चालायला येतात. शनिवारी आमच्या घरापासून चढायचं, सड्यावर मांगराजवळ तंबू टाकायचे, रविवारी कड्यावर जाऊन दुपारी उतरायचं. वाट मी दाखवायचो. बायको त्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाची पिठी करून द्यायची. पोरं कोणाची? कोणाचा बाप रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, कोणाची होडी, कोणाच्या घरी पर्यटकांची जेवणं. डोंगर त्यांना सर्कशीसारखा. तिला त्यांचं भारी कौतुक. "दर्यावयली पोरां, पण खातत बघ कशी!" म्हणायची.

दिवाळीत त्यांच्या पुढाऱ्याचा फोन आला होता तेव्हा तिनेच सांगितलं होतं, "येवा, येवा." म्हणून मी नाही म्हटलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, महिनो सव्वा पण झालो नाय नीट. ह्या वर्साक नको सांगा." मी म्हटलं, "शब्द तुझ्या आवशीन दिलेलो आसा." मुलगी फोनवर रडली. मला त्याचाही राग आला.

शनिवारी सकाळी चौदा जण उतरले. त्यांचा पुढारी तीस-बत्तिशीचा, शाळेत मुलांना कवायत शिकवतो. अंगणात आल्याबरोबर त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि शाळेतल्या मराठीत बोलायला लागला.

"आपल्या सर्वांच्या लाडक्या काकी आज आपल्यात नाहीत. त्यांना श्रद्धांजली म्हणून आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहूया."

उभे राहिले. गोठ्यात म्हशीने त्याच वेळी धबाधबा मूत घातलं आणि मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. दोन मिनिटं काय, अर्धं मिनिट झालं नसेल. पुढारी म्हणाला, "धन्यवाद." लगेच एका पोराने वेफरचं पाकीट फोडलं. मला वाटलं त्याला पाकिटासकट शेणकीत घालावा.

एक मुलगी जवळ आली. तिचं घर रापणीवाल्यांचं, हे मला मागच्या वर्षीपासून माहीत होतं. बायकोने तिच्याकडून सुके बांगडे मागवले होते. ती म्हणाली, "काका, भाकऱ्यो आमी करतो. पीठ आसा मा?"

"पीठ आसा. करणारी नाय."

"म्हणानच म्हटलंय, आमी करतो."

"तुमका येतत?"

"गोल येवच्यो नाय," ती म्हणाली. "पोटात गेल्यार खंय गोल ऱ्हवतत?"

मी पीठ दिलं. जरा राग गेला होता, खोटं कशाला बोलू.

चढाला लागलो. एका पोराच्या पाठीवर गाणी वाजवायचा डबा होता, ढिंगचिक ढिंगचिक चाललेलं. मी म्हटलं, "मेल्या, बंद कर तां. हय पाखरां आसत, तुझी वरात नाय." तो म्हणाला, "काका, पाखरां पण नाचतली." सगळी हसली. डबा बंद झाला, पण पुढच्या वळणावर परत सुरू झाला.

अर्ध्या वाटेवर राखणदाराचा दगड आहे. तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय आम्ही कोणाला वर नेत नाही. मी पायातलं काढून उभा राहिलो आणि म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ही दर्यावयली लेकरां आज तुझ्या वाटेक इली हत. तेंच्या हातून काय चुकला-माकला तर पदरात घे रे म्हाराजा." पोरांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" केलं, इतक्या जोरात की खालच्या वाडीतली कुत्री भुंकली. ह्यात त्यांना भारी मजा येते. देवाने पदरात घेतलं असेल. मी घेतलं नाही.

दुपार कलली तेव्हा सड्यावर पोचलो. झऱ्याला पाणी होतं. पोरं तंबू ठोकायला लागली. कातळावर खुंट्या ठोकत होती, त्या वाकत होत्या, एकमेकांना शिव्या देत होती. मला खाली जायची घाई, म्हैस धारेला तटून राहते. पुढाऱ्याने विचारलं, "काका, जळणाला लाकडं?"

मी मांगराच्या पुढच्या पायरीवर बसलो होतो. तिथूनच हात केला. "फाटी मागे आसत. व्हयी तितकी घेवा."

फाटी म्हणजे जळाऊ लाकडं. ती मागे उजव्या हाताला रचलेली, आणि डाव्या हाताला कवळं. मी उठलो नाही. मागे जाऊन "ह्या घेवा, ह्याका हात लावू नको" एवढं दाखवायला दहा पावलं लागली असती. मी काठी उचलली आणि खाली उतरलो.

रविवारी सकाळी उन्हं आल्यावर दुधाची किटली घेऊन परत चढलो. पोरांना चहाला दूध व्हावं म्हणून. बायको दर वर्षी पाठवायची, म्हणून मी नेलं. वर पोचायला थोडं राहिलं असेल आणि मला भाजावळीचा वास आला. चैत्रात सगळ्या खोऱ्यात येतो तोच. पाला, साल, धूर. एक क्षण बरं वाटलं. म्हटलं, कोणी लवकर भाजायला घेतलंय वाटतं. चार पावलं चाललो आणि लक्षात आलं की हा जानेवारी आहे, आणि वरच्या अंगाला आमच्याशिवाय कोणाची जमीन नाही.

तिथून मी धावलो. बाहत्तर वर्षांचा माणूस, हातात दुधाची किटली.

मांगरापुढच्या कातळावर बैलगाडीच्या चाकाएवढा काळा गोल. मधे राख, अजून धुगधुगत होती. त्या राखेत प्लास्टिकच्या ताटल्या वितळून चिकटलेल्या, पाण्याच्या बाटल्यांचे गोळे झालेले, चांदीच्या रंगाची पाकिटं. बाजूला तिचे चार चपटे दगड. त्यातल्या तीन दगडांची चूल केली होती आणि वर टोप ठेवला होता. चौथ्यावर कोणीतरी बसून दात घासत होता.

मी मागे गेलो. फाटी जशीच्या तशी. एक काटकी हललेली नव्हती. डाव्या बाजूला कातळ मोकळा, झाडून घेतल्यासारखा.

"कवळां खंय?" मी ओरडलो.

कोणाला कळलंच नाही मी काय विचारतो ते. डबेवाला पोरगा पुढे आला, तोंडभर हसत. "काका, काल तुमी व्हये होतात! काय शेकोटी झाली! ती लाकडां पेटाक नाय, पण मागली ती पानां-बिनां काय भडाडली! बघा, दाखवतंय."

त्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. त्यात पोरं गोल करून उभी होती. एक जण भारा डोक्यावर उचलायचा, बाकीची आकडे मोजायची, "सतरा! अठरा!" आणि तो आत फेकायचा. भारा पडायचा, सालीची गाठ तशीच आवळलेली, पानं भुरकन पेटायची, गाठ शेवटी जळायची. सगळ्यांच्या टाळ्या. बावीसपर्यंत मोजलं त्यांनी.

मी किटली खाली ठेवली. ठेवली का टाकली आठवत नाही, दूध सांडलं एवढं खरं. चुलीवरचा टोप मी लाथेने उडवला. चहा कोणाच्या पायावर गेला, तो किंचाळला. मी म्हटलं, "शिरा पडली तुमच्या तोंडार! आवशीक खाव! कोणाक विचारून लावलात हात?"

पुढारी धावत आला. "काका, शांत व्हा. काय झालं? आम्ही कचरा समजलो."

"कचरो?"

"म्हणजे सुका पाला..."

"तां कवळ होता! माझ्या बायलेन बांधलेला. मरूच्या आधी तीन दिस. तां माका तरव्यात घालूचा होता, तुमच्या नाचाक नाय!"

मी काय हरवलं ते त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. मला ते तसं ओरडून सांगायचं नव्हतं. चौदा परक्या पोरांसमोर तर नाहीच.

डबेवाला हळू आवाजात म्हणाला, "पण काका, तरव्यात घालून पेटवूचाच होता मा? जळणारच होता..."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण मी त्याच्या छातीला काठी लावली. "माणूस पण शेवटाक जळताच. म्हणान आजच पेटवू तुका?"

पुढारी मधे आला, "काका, मंडळाच्या वतीने मी माफी..." मी म्हटलं, "तुझ्या मंडळाची बायल मेली काय? मगे तू कित्याक बोलतंस मंडळाच्या वतीन?"

मग माझी नजर त्या रापणीवाल्या मुलीवर गेली. ती मान खाली घालून उभी नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होती, त्याने आणखी चिडलो.

"तू सांग गो. तुझ्या बापाशीची रापण किनाऱ्यार पडलेली आसा. मी इलंय, दोरी बरी दिसली म्हणान कापून नेलंय नि ढोरां बांधलंय. तुझो बापूस काय करतलो?"

"मारतलो तुमका," ती म्हणाली.

कोणीतरी हसू दाबलं.

"मगे मी तुमका मारू?"

"मारा. पण काका, आमच्या रापणीकडे कोण नवो माणूस इलो तर आमी पयला सांगतो, ह्येका हात लावू नको, ह्या आमचा पोट आसा. आमका कवळ म्हायत नाय. आमच्याकडे झावळां नि नारळाची सोडणां पेटवतत. तुमी फाटी मागे आसत म्हणालात. मागे इलात खंय?"

पुढारी तिला म्हणाला, "गप ऱ्हव." तिचं बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

दहा पावलं. मी तेव्हा कबूल केलं नाही. आता लिहितो, कारण आता कोणी समोर नाही. मी दहा पावलं चाललो असतो तर ते भारे राहिले असते. तिचे दगड बघवत नाहीत म्हणून मी बसून हात केला आणि तिचंच काम घालवलं. पोरांवरच्या रागातला निम्मा राग ह्याचा होता. निम्माच. बाकीचा निम्मा त्यांचाच, तो मी कमी करणार नाही.

त्या वेळी मी एवढंच म्हटलं, "कडो कोण बघूचो नाय आज. मांगरात चार कोयते आसत. घेवा."

पुढारी म्हणाला, "काका, चारची गाडी सांगितली आहे."

"गाडी गेली तर चलत जावा मालवणाक. चलाकच इलात मा?"

गेलो ऐनाकडे. मुलीने मला फोनवर शपथ घातली होती, बाबा झाडावर चढू नको. मी कमरेला आकडी बांधली, कोयता अडकवला आणि चढलो. पोरं खालून "काका, नको, काका, आमी चढतो" करत होती. नारळावर चढणारी पोरं दोन होती त्यात, पण नारळाला फांद्या नसतात. कुठली फांदी तोडायची, कुठली झाडाला ठेवायची, ह्यातलं त्यांना काय कळणार? मी तोडत गेलो. रागात हात चांगला चालतो. खाली डबेवाला उभा होता, त्याच्या अंगावर दोन फांद्या मी बघून टाकल्या. तो बाजूला झाला नाही. उचलत राहिला.

पुरेसा पाला झाल्यावर उतरलो. कुंभ्याची साल सोलली. फांद्या रचल्या, गुडघा ठेवला, साल आवळली, पीळ दिला, टोक खुपसलं. भारा उचलला तो अर्ध्यातून सुटला आणि सगळा माझ्या पायावर पडला.

परत बांधला. परत सुटला.

चौदा पोरं बघत होती. बेचाळीस वर्षं मी झाडावर आणि ती खाली. वरून मला तिची पाठ दिसायची, मान दिसायची, गुडघा कुठे ठेवते ते दिसायचं. टोक कुठून घालते ते कधी दिसलं नाही. मी कधी उतरून बघितलं नाही. गाठ ही काय बघायची गोष्ट आहे?

रापणीवाली पुढे आली. काही न विचारता माझ्या हातातली साल घेतली, एक वेढा दिला, दुसरा त्याच्या खालून काढला आणि पाय लावून ओढली. भारा उचलून आपटला. सुटला नाही. मी ओढून बघितलं. ढिला झाला नाही.

"ही कसली गाठ?"

"आमच्या रापणीची. पाण्यात आणखी घट्ट होता."

"हय पाणी खंय आसा?"

"नाय तर नाय. सुटाची नाय म्हणजे झाला." मग तिने मान वर करून विचारलं, "काकी कशी बांधी?"

"माका काय म्हायत!" मी ओरडलो.

इतका मोठ्याने ओरडलो की पोरं मागे सरली. मुलगी सरली नाही. आणि त्या वेळी मला राग आला तो पोरांचा नव्हता. बायकोचा आला. इतकी वर्षं माझ्या नावाने खालून बोंबलत होतीस, अंगावर फांदी टाकू नको, लवकर उतर, पाय जपून. एकदा तरी म्हणायचंस की ये खाली, ही गाठ बघून ठेव. न सांगता गेलीस. आता मी काय चौदा पोरांसमोर पाला पायावर पाडून घेऊ?

रापणीवालीने बाकीच्या मुलींना गाठ शिकवली. पोरं पाला आणत होती, मुली बांधत होत्या. हातांना फोड आले, एकाला कोयता लागला, मी पानांचा रस पिळला त्यावर. कोणी गाणं लावलं नाही. दोन वाजेपर्यंत चौदा-पंधरा भारे झाले. वाकडेतिकडे, एक जाड, एक बारीक, डोकं इकडे, बूड तिकडे. बायको असती तर सगळे सोडून परत बांधायला लावले असते. डबेवाल्याने ते काळे पडलेले चार दगड झऱ्यावर नेऊन घासले आणि आणून भाऱ्यांवर ठेवले. ठेवू नको म्हणायचं तोंडावर आलं होतं.

खाली जाताना प्रत्येकाने माझ्या पाया पडायचं काढलं. मी पाय मागे घेतला. पुढारी म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी..." मी म्हटलं, "पुढल्या वर्साचा पुढल्या वर्साक." पोरं उतरून गेली. त्या दिवशी डब्याचा आवाज खालपर्यंत आला नाही.

मग मी त्या राखेकडे बसलो. म्हटलं, राख तर तिचीच आहे, उचलून नेऊ. फडकं पसरलं. पण मूठभर राख उचलली की त्यात प्लास्टिकचा चिकट काळा गोळा. निवडायला लागलो. तांदळातले खडे निवडतात तसे. उन्हं उतरेपर्यंत निवडत होतो. ओंजळभर स्वच्छ राख झाली असेल, तीही कसली स्वच्छ, वास प्लास्टिकचाच. बावीस भाऱ्यांची ओंजळ. तरव्याचा केवढा मोठा तुकडा, त्यात ओंजळीने काय होणार? आणि ते प्लास्टिक मातीत गेलं तर तिनेच वरून मला शिव्या दिल्या असत्या. फडकं झटकलं. वाऱ्याने नेलं ते नेलं. बाटल्यांचे गोळे गोणीत भरून खाली आणले.

चैत्रात पोरांचे भारे उतरवले. तरव्यावर पसरायला घेतले तर गाठी सुटेनात. वाळून लोखंड झाल्या होत्या. एकेक गाठ कोयत्याने तोडावी लागली आणि प्रत्येक गाठीला मी एक शिवी मोजून दिली. त्या रापणीवाल्या पोरीला, तिच्या बापाला, त्याच्या रापणीला. मग शेण, कवळ, पातेरा, माती. पेटवलं. चांगलं पेटलं, धूर सरळ वर गेला. दर वर्षी ती बांधावर पाण्याची कळशी घेऊन उभी असायची, आग इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. ह्या वर्षी मीच पेटवली आणि मीच कळशी घेऊन धावलो.

बी पेरलं. पाऊस यायचा तेव्हा आला. मी रोज सकाळी तरव्यावर जाऊन बघायचो. मला खात्री होती की काहीतरी उणं येणार. कुठे पिवळं, कुठे विरळ. तिच्या कवळाचा नाही तो तरवा, तो तसा कसा येईल? लोकांना दाखवता आलं असतं, बघा, ह्या पोरांनी काय केलं ते.

पंधराव्या दिवशी बघतो तर पूर्ण तुकडा हिरवागार. दाट. बोट घालायला जागा नाही. दर वर्षी येतो तसाच, एक पात कमी नाही. वाऱ्यावर हलत होता, जसं काही झालंच नाही, कोणी मेलंच नाही.

मी बांधावर उभा राहून त्याला शिव्या घातल्या. भाताच्या रोपाला. "लाज नाय वाटणा? तिच्याशिवाय इलंस कसो रे मेल्या? तिच्याशिवाय येवक जमता तुका?" छत्री कुठे गेली मला माहीत नाही, भिजत होतो आणि ओरडत होतो.

पलीकडच्या मळ्यातल्या शेजारणीला वाटलं ढोरं शिरली. ती इरलं सावरत बांधावर आली. "काय झाला वो? कोणाची ढोरां शिरली?"

"ढोरां नाय."

"मगे आराडतास कोणाक?"

"तरव्याक."

तिने वाकून बघितलं. माझ्याकडे बघितलं. हिचं आणि माझ्या बायकोचं लग्न एकाच वर्षातलं. ती म्हणाली, "तरवो बरो इलो हा."

"इलो हा," मी म्हटलं.

"लावणीक माणसां व्हयी तर सांगा. नि डोक्यार काय तरी घेवा."

ती गेली. मी बांधावरून खाली उतरलो आणि कडेचं तण उपटायला लागलो.